नाव लपवू नका, नाव कमवा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त तरुण-तरुणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मागे दाराशी उभ्या राहिलेल्या आमच्या तरुण मित्रांनो! आधी आत या, पुढे सतरंजीवर जागा रिकामी आहे. 

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा : ‘करिअरमध्ये यशस्वी होण्यासाठी पर्सनल ब्रँड कसा उभारावा’. विषय हाती पडल्यावर आम्ही नातवाला विचारलं, की बाबा, ब्रँड साबणाचा असतो, चपलेचा असतो, हा माणसाचा ब्रँड कुठून आला? त्याने मोबाईलवर शोधून सांगितले, की १९९७ साली टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन लेखकाने ‘द ब्रँड कॉल्ड यू’ असा एक लेख लिहिला आणि तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःकडे एखाद्या नामांकित मालासारखे पाहावे, आपली ओळख आपणच घडवावी आणि ती लोकांपुढे मांडावी, असा त्याचा मतितार्थ.

आम्ही म्हटलं, म्हणजे हे आपलं ‘नाव कमावणं’च की! आपल्या आज्या-पणज्या हेच सांगत आल्या. पण नातवाने आणखी एक गोष्ट सांगितली आणि आम्ही थबकलो. इंग्रजीत ब्रँड या शब्दाचा एक जुना अर्थ काय, तर तापलेल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर दिलेला डाग. हे जनावर कुणाच्या मालकीचं, ते ओळखू यावं म्हणून दिलेला डाग!

मित्रांनो, या अर्थाने पाहिले तर ब्रँड ही गोष्ट आपल्याला मुळीच नवी नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्या अंगावर डाग होताच. तो आपण दिलेला नव्हता, दुसऱ्यांनी दिलेला होता. गावात शिरताना वस्ती कुठली, हे विचारले की माणूस कोण ते ठरून जाई. त्याला काय येते, तो किती शिकला, शब्दाला जागतो की नाही, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नसे. तेव्हा आजचा खरा प्रश्न आमच्या मते असा आहे : आपली ओळख दुसऱ्याने ठरवायची, आपण ती लपवायची, की आपण ती कामाने घडवायची? या तीन वाटांबद्दलच आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या गावाचीच गोष्ट

लांब जायला नको. कुर्डुवाडीपासूनच सुरुवात करू. या गावाला स्वतःचे असे नाव सुरुवातीला होते कुठे? ‘कुर्डूची वाडी’, म्हणजे शेजारच्या कुर्डू गावावरून पडलेले नाव. पुढे १८५९-६० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईहून सोलापूरकडे जाणारी लाईन इथून गेली. तेव्हा स्टेशनाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. का? तर मोठा व्यापार बार्शीचा, कापसाची पेठ बार्शीची. हे स्टेशन म्हणजे बार्शीला जायच्या रस्त्यावरचा एक फाटा. आपल्या जमिनीवर स्टेशन, आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे!

मग हे गाव कुर्डुवाडी म्हणून कशाने ओळखले जाऊ लागले? कामाने. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. अडीच फूट रुंदीचा रूळ, आपली म्हातारी माणसं जिला ‘छोटी गाडी’ म्हणत तीच. तिचा फाटा १९०६ साली पंढरपूरला गेला, १९११ साली लातूरला पोचला आणि १९२७ साली मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरांचे हे जाळे, आणि त्याची मोठ्या लाईनशी गाठ पडायची ती इथे. वारकरी गाडी बदलायचे इथे, माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढायचा इथे, इंजिने-डबे दुरुस्त व्हायचे ते इथल्याच कारखान्यात. १९५४ साली ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली. त्यानंतरही अनेक वर्षे छोटी गाडी धावत राहिली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने तिची जागा मोठ्या रुळाने घेतली. तालुका माढा खरा, पण मुंबईपासून लातूरपर्यंत रेल्वेच्या माणसाला विचारा, तो नाव घेतो कुर्डुवाडीचे.

त्या कॅलथ्रॉपचेही तसेच. तो आधी मोठ्या रेल्वे कंपनीत नोकरीला होता. पण त्याचे नाव झाले ते या बार्शीच्या लाईनमुळे. हलका रूळ टाकायचा असेल तर इंजिन असो की डबा, प्रत्येक आसावर सारखाच भार आला पाहिजे, हा त्याचा आग्रह. तो त्याने इथे करून दाखवला आणि लिहूनही ठेवला. पुढे विलायतेत छोट्या रेल्वेचे काम निघाले की या माणसाचे नाव घेतले जाई. एक काम नीट करणे, आणि ते आपण कसे केले हे जगाला सांगणे. या दोन्ही गोष्टी त्याने केल्या. आपल्यातली पुष्कळ माणसं पहिली करतात, दुसरी करत नाहीत. यावर पुढे येतोच.

उसन्या नावाचे अकरा दिवस

आता दुसरी वाट, नाव लपवण्याची. या वाटेवरून आम्ही स्वतः चाललो आहोत, म्हणून अधिकाराने बोलतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातली बडोद्याची घटना तुम्ही ऐकली असेल, पण आज ती जरा वेगळ्या बाजूने ऐका. साल १९१७. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनला जाऊन आलेला हा तरुण बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेला. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या काळी हिंदुस्थानात असा बायोडाटा कितीजणांचा होता? बोटांवर मोजण्याएवढ्यांचा. आणि या माणसाला उतरायला शहरात एक खोली मिळेना! शेवटी एका पारशी धर्मशाळेत तिथल्या राखणदाराच्या संमतीने वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दारात येऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. मित्रांकडे विचारले, तिथेही जागा मिळाली नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे.

यात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, कितीही मोठी पदवी असली तरी नुसत्या कागदाने डाग पुसला जात नाही. ज्यांना वाटते की चांगला फोटो लावला, चार इंग्रजी शब्द टाकले की झाला आपला ब्रँड, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरी, उसने नाव अकरा दिवस पुरते. शेवटी काठ्या घेऊन कुणीतरी येतेच.

आता आमची गोष्ट. सत्तरच्या दशकात आम्हाला एका मोठ्या शहरात नोकरी लागली. खोली बघायला गेलो. घरमालकांनी विचारले, आडनाव काय? आम्ही फक्त पहिले नाव आणि गाव सांगितले. पुढचे त्यांनी आपल्या मनाने ठरवले आणि आम्ही ते दुरुस्त केले नाही. खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला. चार महिने असे गेले. एके दिवशी गावाकडून मामा आले. हातात भाकरीचं गाठोडं. जिन्यातूनच त्यांनी मोठ्याने हाक दिली, “जयभीम, भाचेबुवा!” आणि आम्ही काय केलं? धावत जाऊन म्हटलं, “मामा, हळू बोला.”

मामा काही बोलले नाहीत. गाठोडं खाली ठेवलं. चहा घेतला नाही. थोडा वेळ टेकले आणि “गाडीची वेळ झाली” म्हणून निघून गेले. ज्या मामाने आमच्या फीसाठी शेळी विकली होती, त्यांना आम्ही हळू बोलायला सांगितले. घरमालकांना पुढे सगळं कळलंच आणि खोली सोडावी लागली, ते निराळं. त्याचं आम्हाला आज काही वाटत नाही. पण मामांचा तो चेहरा आम्ही अजून विसरलो नाही.

पोरांनो, आम्ही कुणाला दोष देत नाही. आजही शहरात आडनाव विचारले जाते, आडून विचारले जाते. कुणी अर्जावर पत्ता बदलतो, कुणी आडनाव गाळतो. पोटाचा प्रश्न असतो हे आम्हाला कळते. पण जे नाव लपवून मिळते त्याची राखण जन्मभर करावी लागते, आणि त्या राखणीत कामाला लावायची सगळी शक्ती खर्ची पडते. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

दार बंद असते, हे खोटे नाही

कुणी म्हणेल, काका, तुम्ही म्हणता नाव लपवू नका, पण नावामुळे अर्जच बाजूला पडला तर? प्रश्न रास्त आहे. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. खाजगी कंपन्यांच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारोंनी अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावाचा. एक नाव सवर्ण हिंदू वाटावे असे, एक दलित, एक मुस्लिम. पुढच्या टप्प्याला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने दलित नावाला दोन तृतीयांशाच्या आसपास आणि मुस्लिम नावाला त्याहूनही पुष्कळ कमी निघाली.

तेव्हा ज्याला नोकरी मिळाली नाही, त्याने सगळा दोष स्वतःच्या कपाळी मारून घेऊ नये. ‘तुझं ब्रँडिंग कमी पडलं’ असं म्हणून मोकळं होणाऱ्या पाहुण्या वक्त्यांपैकी आम्ही नाही. कायद्याची लढाई, राखीव जागांची लढाई, संघटनेची लढाई, या सगळ्या आपल्या जागी आहेतच. पण ही पाहणी करणारे थोरात सर कोण? अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले. नाव तेच, आडनाव तेच. ज्या विषयाचा अपमान अंगावर आला, त्याच विषयाचा अभ्यास करून त्यांनी त्यात नाव मिळवले. हीच तिसरी वाट.

बडोद्याहून परतल्यावर बाबासाहेबांनी तरी काय केले? १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थी फारसे मनावर घेत नव्हते. पुढे दुसऱ्या कॉलेजांतली मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. १९२० साली ‘मूकनायक’ काढले, कारण आपल्याबद्दल दुसऱ्याने बोलण्यापेक्षा आपण बोलावे. पगारातून पैसा साठवून पुन्हा लंडन गाठले, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ साली पुस्तकरूपाने आला. १९२५ साली चलनाच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारचे कमिशन आले, तेव्हा साक्ष द्यायला हा माणूस त्यांच्यापुढे होता. तिथे कुणी वस्ती कुठली म्हणून विचारले नाही, रुपयाबद्दल विचारले. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून ब्राह्मणेतर चळवळीतल्या मंडळींवर खटला झाला. त्यांनी वकील म्हणून बाबासाहेबांना दिले, आणि ते जिंकले. आता कोर्टात नाव झाले.

आणि हे चालू असताना आपला मुलूख विसरले नाहीत. १९२४ साली ते बार्शीच्या परिषदेला आले होते. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. म्हणजे एकट्याने मोठे नाव करायचे आणि वर निघून जायचे, असा हा ब्रँड नव्हता. आपल्या नावाच्या सावलीत दुसऱ्याची पोरं शिकली पाहिजेत, हा त्याचा अर्थ होता.

अलीकडचे पाहा. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी उद्योजकांचे चेंबर काढले. नाव काय ठेवले? ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’. जो शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारतात, तो त्यांनी पाटीवर सर्वांत आधी लिहिला. अकोला जिल्ह्यातून आलेल्या, मुंबईत शिवणकामाने सुरुवात केलेल्या कल्पना सरोज यांनी डबघाईला आलेली कामानी ट्यूब्ज ही कंपनी उभी केली. २०१३ साली या दोघांनाही पद्मश्री मिळाली.

काम आमचे, नाव दुसऱ्याचे

आता आपल्या घरच्या दोषाकडे येऊ. आपली माणसं कष्टाला कमी नाहीत. पण केलेल्या कामावर आपले नाव घालायची आपल्याला सवय नाही. मोठेपणा सांगितला तर लोक काय म्हणतील, ही भीती.

आम्ही एका कचेरीत नोकरीला होतो. तिथे जुन्या फायलींचा ढीग पडला होता. माणूस कागद मागायला यायचा आणि चार-चार हेलपाटे घालायचा. आम्ही सुटीच्या दिवशी जाऊन, सात महिने खपून, सगळ्या फायलींची गावावार, सालवार नोंदवही तयार केली. कागद पाच मिनिटांत सापडू लागला. वरचे साहेब तपासणीला आले. वही पाहून खूश झाले. विचारलं, “हे कुणी केलं?” आम्ही तिथेच उभे होतो. मान खाली घालून. आमच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “साहेब, आमच्या विभागानं केलं.” कौतुकाचं पत्र त्यांच्या नावानं आलं. बढतीच्या वेळी त्या पत्राचा त्यांना उपयोगही झाला.

आम्ही घरी येऊन चिडचिड केली. तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने एकच प्रश्न केला, “वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव लिहिलं होतं का?” लिहिलं नव्हतं! दोष त्या गृहस्थांचा होताच, पण अर्धा आमचाही होता.

आपल्या सोलापूरच्या चादरीकडे पाहा. जकार्डच्या मागावर विणलेली ती चादर साऱ्या देशात माहीत. पण दुसरीकडे विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवतात, ही तक्रार जुनी. म्हणून या चादरीने भौगोलिक मानांकन घेतले, नावाची कायदेशीर नोंद केली. चांगल्या चादरीला जर नाव नोंदवावे लागते, तर चांगल्या माणसाला लागणार नाही का?

करायचे काय?

तरुण मित्रांनो, आता कामाच्या गोष्टी. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, तुमचे नाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे का ते आजच रात्री तपासा. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पॅनकार्डावर स्पेलिंग तिसरेच, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ऐन निवडीच्या वेळी कागदपत्रं तपासताना यावरून अडवणूक होते. दुरुस्ती करून घ्या. नाव बदलायचेच असेल तर सरकारी राजपत्रात रीतसर बदला. ते लपवणे नव्हे, तो तुमचा हक्क आहे.

दुसरी, एक काम असे धरा की त्यात तुमचे नाव निघाले पाहिजे. “मला सगळं येतं” म्हणणाऱ्याला कुणी बोलवत नाही. डाळिंबाची छाटणी म्हटलं की अमुक पोरगा, मोटार रिवाइंडिंग म्हटलं की तमुक, टॅलीचा हिशेब म्हटलं की शेजारच्या गल्लीतली ताई, असे लोकांच्या तोंडी आले पाहिजे. त्याला दोन-तीन वर्षे लागतात. लागू द्या.

तिसरी, केलेल्या कामाची नोंद ठेवा. तारीख, काम काय, अडचण काय होती, आपण काय केले, फायदा किती झाला. वायरिंग केले, फोटो काढा. अहवाल लिहिला, खाली नाव घाला. चार जणांनी मिळून केले तर चौघांची नावे घाला. दुसऱ्याचे नाव खाऊ नका, आपले सोडू नका. बायोडाट्यात ‘मेहनती व प्रामाणिक’ असे सगळेच लिहितात, त्याला कुणी विचारत नाही. “मी हे हे काम केले, इतक्या दिवसांत केले” हे लिहा.

चौथी, बोलायला शिका. साहेबांनी विचारलं, कुणी केलं, तर मान वर करून म्हणा, “साहेब, मी केलं, आणि अमक्याने मदत केली.” एवढं एक वाक्य. हे म्हणायला आम्हाला तीस वर्षे लागली. मुलींनो, हे तुमच्यासाठी दुप्पट खरे आहे. या विहाराचा स्वयंपाक, हिशेब, मुलांची शिकवणी तुम्ही सांभाळता आणि आभार मानताना नावे कुणाची वाचली जातात, ते आपण सगळे जाणतो. आजपासून ते बदलू.

पाचवी, मोबाईल. नोकरी देणारा माणूस हल्ली तुमचे नाव टाकून बघतो. लिंक्डइनवर खाते काढा, त्यात खरे तेवढेच लिहा. न केलेला कोर्स, नसलेला अनुभव घालू नका, मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला उघडे पडता. रात्री रागाच्या भरात ग्रुपवर शिवीगाळ पाठवता, तोही तुमच्या चारित्र्याचा दाखलाच असतो. अन्यायावर जरूर लिहा, परंतु सही करता येईल अशा भाषेत लिहा.

सहावी, फ्लेक्स. स्टेशनच्या रस्त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यावर आपल्या पोरांचे पन्नास-पन्नास फोटो असतात. फ्लेक्सवरचे नाव पहिल्या वळवाच्या पावसापर्यंत टिकते. त्याच पैशात एखाद्या परीक्षेची फी भरली जाते.

सातवी, शब्द. नऊला येतो म्हटलं की नऊला. उसने घेतले की सांगितलेल्या दिवशी परत. जमणार नसेल तर आधी कळवायचं. कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावर सारखा भार ठेवला म्हणून हलक्या रुळावरून गाडी चालली. तसे आपले बोलणे आणि करणे यांचा भार सारखा असला पाहिजे. बोलण्याचा डबा जड आणि कामाचा हलका झाला, की गाडी रुळावरून उतरते.

शेवटी एवढेच

काही वर्षांनी आम्ही मामांना भेटायला गावी गेलो. म्हातारे झाले होते, डोळ्यांना कमी दिसत होते. दारातूनच आम्ही मोठ्याने म्हटलं, “मामा, जयभीम!” ते ओळखीचं हसले आणि म्हणाले, “आता आवाज फुटला म्हणायचा.” आम्ही त्यांची माफी मागितली नाही, तशी गरजही पडली नाही. पण त्या दिवशी आमच्या अंगावरचा भार उतरला.

आपल्या अंगावर दुसऱ्यांनी दिलेला डाग होता. तो लपवण्यात आमच्या पिढीची काही वर्षे गेली. तुमची जाऊ नयेत, एवढ्याच तळमळीने आज बोललो. ‘बार्शी रोड’ची पाटी उतरली आणि ‘कुर्डुवाडी’ची लागली, ती कुणाची मेहेरबानी म्हणून नव्हे. हजारो कामगार, हमाल, फिटर, गँगमन यांनी इथे घाम गाळला, म्हणून गावाला नाव मिळाले. त्यांतले कित्येक आपलेच होते आणि त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. ती उणीव तुम्ही भरून काढायची आहे.

भन्तेजींची परवानगी घेऊन आम्ही बाहेरच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने आपल्या हाताने त्यात स्वतःचे पूर्ण नाव, आडनावासकट, आणि आपल्याला येणारे एक काम लिहावे. ज्याला अजून काही येत नसेल त्याने काय शिकणार ते लिहावे. गावात कुणाला माणूस हवा असेल तर तो ही वही बघेल. पुढच्या वर्धापनदिनी आपण ती इथेच उघडू आणि कोणी काय केले ते मोठ्याने वाचू.

  जयभीम.